तेल प्यायलेलं कातडं

नेड्रा हफेकरच्या डाव्या हाताचा अंगठा उजव्याहून चपटा आणि रुंद होता. ओलं कातडं दाबून दाबून त्याचं पेर पसरलं होतं आणि नखात मेणाचा पिवळेपणा कायमचा बसला होता. कॉटनवुड फ्लॅट या गावातल्या बायका मात्र त्या अंगठ्याचं म्हणणं दवाखान्यातल्या डॉक्टरपेक्षा जास्त मानायच्या.

दर एप्रिलच्या पहिल्या शनिवारी, बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला की, या बायका आपापली होल्स्टरं, म्हणजे पिस्तूल ठेवायची कमरेची कातडी म्यानं, घेऊन तिच्या वर्कशॉपमध्ये यायच्या. पिस्तुलं बाहेर गाडीत, रिकामी करून. तो तिचा पहिला नियम. मग ती एकेक होल्स्टर हातात घ्यायची, आत नाक खुपसून वास घ्यायची, शिवण खिडकीच्या उजेडाकडे धरायची आणि शेवटी, पिस्तूल जिथून आत जातं त्या तोंडाच्या कडेवर तो अंगठा टेकवून दाबायची. कड जागची हलली नाही, तर होल्स्टर परत. हलली, तर टेबलाखालची मोठी कात्री काढून मालकिणीच्या डोळ्यांदेखत त्याचे उभे दोन तुकडे. नुसतं ‘आता हे वापरू नकोस’ म्हणून भागत नाही, हे तिला अनुभवानं कळलं होतं. बाई ते कपाटात ठेवते, पुढे सुनेला देते, नाहीतर अंगणात मांडलेल्या जुन्या सामानात विकून टाकते, आणि ते मऊ पडलेलं तोंड तिसऱ्याच कुणाच्या कमरेला जाऊन बसतं.

"अगं, चारच तर वर्षं झाली याला!" हायस्कूलमध्ये गणित शिकवणारी आर्देल दरवेळी ओरडायची.

"चार वर्षं तू ते ट्रॅक्टरच्या सीटवर दाबून बसलीस. माझ्यावर बसली असतीस तर मीही मऊ पडले असते."

"मग माझ्या नवऱ्यालाही एकदा दाबून बघ नेड्रा. तो तर बावीस वर्षांचा जुना आहे."

"त्याला आण. कात्री इथेच आहे."

बायका खिदळायच्या, कॉफीचे कप फिरायचे. पण कात्री कातड्यावर चालायला लागली की सगळ्या गप्प होऊन बघायच्या. कारण कशासाठी चाललंय ते प्रत्येकीला ठाऊक होतं. पिस्तूल बाहेर काढताना सहसा काही होत नाही. होतं ते आत ठेवताना. तोंडाची कड मऊ असली की पिस्तुलाबरोबर ती आत दुमडते आणि चापाभोवतीच्या कडीत शिरते. बोट चापावर नसतं, पण कातड्याची घडी बोटाचंच काम करते. नळी तर खाली मांडीकडेच रोखलेली असते.

"काढायची घाई एखाद्या वेळी असू शकते," नेड्रा नव्या मुलींना सांगायची. "आत ठेवायला कसली घाई? आत ठेवायच्या शर्यतीत कुणाला बक्षीस मिळालेलं मी तरी ऐकलं नाही. जॅकेट बाजूला धर, मान खाली घाल, डोळ्यांनी बघ आणि मग ठेव."

ती या धंद्यात मुद्दाम पडली नव्हती. नवरा ग्लेन खोगिरं करायचा. ती शिवणाला मदत करायची. एकदा धान्याच्या दुकानात पुढे उभ्या असलेल्या बाईनं पर्समधून पाकीट काढलं, तेव्हा किल्ल्या, लिपस्टिक आणि पोराचा अर्धवट चोखलेला लॉलीपॉप यांच्यात पिस्तूल उघडंच लोळताना नेड्राला दिसलं. तिनं त्या बाईला बाहेर गाठून विचारलं, की अशी कशी गं ठेवतेस? बाई म्हणाली, "काय करू? कमरेला लावायचं आहे ते माझ्या नवऱ्याच्या मापाचं. बसलं की मूठ बरगडीत घुसते." नेड्रानं घरी येऊन स्वतःच्या कमरेला ग्लेनचं होल्स्टर लावून पाहिलं. खरंच घुसत होतं. पुरुषांच्या सरळ कमरेसाठी कापलेलं कातडं बाईच्या अंगावर तिरकं बसतं, हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आलं असेल तर बायकांच्याच, आणि त्या बोलल्या नव्हत्या.

त्या हिवाळ्यात तिनं चार होल्स्टरं बिघडवली. पाचवं जमलं. ते घेतलं तिच्या जिवलग मैत्रिणीनं, ट्वायला बेकस्टेडनं.

ट्वायला म्हणजे गावाबाहेर अठरा मैलांवरच्या गुरांच्या रॅंचवरची. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला फटकळ. वासरू अडलं की ती स्वतः कोपरापर्यंत हात घालायची. रॅंचपासून शेरिफची पोलिसगाडी पन्नास मिनिटांवर, आणि वाटेत सापही भेटायचे, माणसंही. तेव्हा पट्टा सकाळी कमरेला चढायचा तो रात्रीच उतरायचा, आणि त्याच पट्ट्यानिशी ती गावात दूध-पाव घ्यायला यायची. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. तिच्या होल्स्टरवर नेड्रानं एक चंडोल कोरला होता, पिवळ्या छातीचा, चोच वर करून गाणारा. ते चित्र ट्वायलाच्या थोरल्या मुलानं, ट्रेंटनं, नऊ वर्षांचा असताना काढलेलं. पक्ष्याचा एक पाय दुसऱ्याहून लांब होता. नेड्रा तो सारखा करणार होती, पण ट्वायला म्हणाली, "त्यानं काढलाय तसाच राहू दे."

सात वर्षांनी ट्रेंटची गाडी बर्फावरून घसरून पुलाखाली गेली. त्यानंतर त्या पक्ष्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. ट्वायला बोलता बोलता नकळत त्याच्यावरून बोट फिरवायची, एवढंच.

या एप्रिलला ट्वायला सगळ्या गेल्यावर आली. एकोणीस वर्षांचं ते होल्स्टर तिनं टेबलावर ठेवलं आणि पाठ करून कॉफी ओतायला गेली. नेड्रानं ते उचललं आणि वास घेण्याआधीच बोटांना कळलं.

"तेल लागलंय याला."

"फेब्रुवारीत खोगिरांना लागतं, तेव्हा त्यालाही लागत असेल."

"असेल काय? चांगलं पाजलंय. खुरांचं तेल. ट्वायला, एकोणीस वर्षं मी एकच गोष्ट सांगतेय. खोगीर वाकायला हवं, म्हणून त्याला तेल. हे वाकायला नको!"

"कातडं कोरडं ठेवलं तर तडकतं, असं आमच्याकडे सगळे म्हणतात."

"तडकलं तर तडकू दे. तडकलेलं दिसतं तरी."

तिनं अंगठा टेकवला. कड हलली. फार नाही, अर्धा गहू मावेल इतकी. दुसऱ्या कुणाचं असतं तर हात आपोआप टेबलाखाली गेला असता. तिनं वर पाहिलं. ट्वायला कप हातात धरून उभी होती आणि होल्स्टरकडे नाही, खिडकीबाहेर बघत होती. ‘कापू नकोस’ असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर नेड्रानं भांडून कापलं असतं.

"आठवडाभर ठेव माझ्याकडे," नेड्रा म्हणाली. "बघते काही होतंय का."

तिनं ते कोमट पाण्यात भिजवलं, हाडाच्या पट्टीनं पुन्हा आकारात दाबलं, पंख्यापुढे वाळवलं, कडेला मेण भरलं. आठव्या दिवशी अंगठा टेकवला तर कड घट्ट लागली. पण कातड्यात मुरलेलं तेल पाण्यानं निघत नाही, ते आत दडून बसतं आणि अंगाच्या उबेनं पुन्हा वर येतं, हे ग्लेननं तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तिला ते त्या क्षणी आठवलंही.

"चालेल," ती ट्वायलाला म्हणाली. "पण हिवाळ्याआधी नवीन करू या. पक्षी अस्साच कोरून देते, लांब पायासकट."

"बघू," ट्वायला म्हणाली आणि पट्टा ओवून निघून गेली. त्या उन्हाळ्यात गवत उशिरा कापलं गेलं, मग वासरं विकायची गडबड आली. नवीन होल्स्टरचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. नेड्रानंही नाही.

पोस्टात पिस्तूल घेऊन जायला कायद्यानं बंदी आहे. दुकानात चालतं, बॅंकेत चालतं, चर्चमध्येही कुणी हरकत घेत नाही. पण पोस्टात नाही. आणि रॅंचवरच्या लोकांची टपाल यायची पेटी तर पोस्टातच. त्यामुळे बायका समोरच्या रस्त्यावर गाडी लावायच्या, बसल्या बसल्या पिस्तूल काढून सीटखालच्या कुलपाच्या डब्यात टाकायच्या, आत जाऊन पत्रं घ्यायच्या, आणि परत येऊन बसल्या बसल्याच ते पुन्हा कमरेला लावायच्या. नेड्रा म्हणायची, पट्ट्यासकट सगळंच काढून ठेवा, पिस्तुलाला हातच लावू नका. पण पट्टा पॅंटच्या सात घरांतून ओवलेला. तो कोण सोडणार, दोन बिलं आणि एक जाहिरातीचा कागद आणायला?

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, नेड्रा खिडकीपाशी शिवत बसली होती. पोस्ट तिच्या वर्कशॉपच्या अगदी समोर. ट्वायलाचा पिकअप तिनं येताना पाहिला, हात केला. ट्वायलानंही हात केला. तिनं वाढदिवसाला मिळालेलं नवं हिरवं जॅकेट घातलं होतं. ती आत गेली, बाहेर आली, गाडीत बसली. मग जाड फळी फरशीवर आपटावी तसा एक आवाज आला. पोस्टाच्या पायरीवरच्या माणसानं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा पत्र वाचायला लागला. नेड्रा मात्र सुई हातात तशीच धरून धावत सुटली.

गोळी कमरेखालून मांडीत वरून खाली गेली होती. रक्त थांबवायचा पट्टा ट्वायलाच्या गाडीत होता; तो प्रत्येकीनं ठेवावा हे नेड्राच सगळ्यांच्या मागे लागून सांगायची. पण जखम जांघेपाशी, इतक्या वर, की तिच्या वरच्या बाजूला पट्टा बांधायला जागाच नव्हती. नेड्रानं दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाचा भार टाकून तिथे दाबून धरलं. अॅम्ब्युलन्स यायला चाळीस मिनिटं लागली. ट्वायलाला तेवढी मिनिटं मिळाली नाहीत.

शुद्ध जाण्याआधी ती चिडल्यासारखी म्हणाली, "नेड्रा, मी बघून ठेवलं होतं गं."

हे वाक्य नेड्राशिवाय कुणी ऐकलं नाही.

शेरिफच्या माणसानं जॅकेट पाहिलं. खालच्या कडेतून ओवलेली दोरी आणि तिच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बोंडूक, ते पट्टा आणि होल्स्टर यांच्यात अडकून तुटलेलं. दोरी आत गेली, चापाला अडकली, असं त्यानं लिहिलं. असं पूर्वी दुसऱ्या गावांत झालेलंही होतं. नेड्रानं स्वतःच शंभरदा सांगितलं होतं, की दोऱ्या कापून टाका. त्यामुळे शंका यायला काही कारण नव्हतं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर तेच झालं. ते जॅकेट वाढदिवसाला दिलं होतं मार्लीनं, ट्वायलाच्या धाकट्या मुलीनं. आता ते एकच मूल उरलं होतं.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचे सहा ट्रे, हॅम, गोड पाव. आर्देलनं पर्समधून छोटी कात्री काढली आणि स्वतःच्या कोटाच्या कडेतली दोरी खर्रकन कापली. ती मार्लीच्या समोर टेबलावर ठेवली आणि तिला मिठी मारली. मग दुसरीनं कात्री मागितली. मग तिसरीनं. पोरांची जॅकेटं आणली गेली. लाल, काळ्या, पांढऱ्या दोऱ्यांचा एक लहानसा ढीग मार्लीच्या ताटाशेजारी जमला. प्रत्येकीला मनापासून वाटत होतं, की आपण तिच्या आईसाठी काहीतरी करतोय. आणि प्रत्येक दोरी त्या चोवीस वर्षांच्या मुलीला सांगत होती, की हे तू केलंस. ती एकेकीला "थॅंक यू" म्हणत होती. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

कात्री नेड्राच्या हातात आली. सगळ्या जणी थांबून बघायला लागल्या. तिच्याइतका हक्क कुणाला होता? तिच्या कोटाच्या टोपीला दोरी होती. कमरेपाशी नव्हती, पण तिनं ती कापली आणि ढिगावर ठेवली.

घरी येऊन तिनं तो कोट खुंटीला न लावता कपाटाच्या तळाशी कोंबला.

त्यानंतर नऊ दिवस तिनं टाका घातला नाही. मार्लीनं दवाखान्यातली नोकरी सोडली, ती जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, असं कानावर येत होतं. नेड्रा रोज ठरवायची की आज जायचं. गाडीची किल्ली हातात घ्यायची आणि परत खुंटीला लावायची. लोक काय म्हणतील, पुन्हा कुणी तिचं होल्स्टर घेईल का, याची भीती तिला नव्हती असं नाही. होती. पण त्याहून मोठी होती ती ट्वायलाच्या घरातल्या कुणीतरी आपल्याकडे बघण्याची.

दहाव्या दिवशी सकाळी त्यांचाच पिकअप दाराशी थांबला. ट्वायलाचा नवरा ओरिन गाडीतूनच हात करून धान्याच्या दुकानाकडे गेला, गुरांसाठी मिठाच्या लाद्या घ्यायला. मार्ली एकटी आत आली. कागदी पिशवीतून तिनं ते होल्स्टर काढून टेबलावर ठेवलं. तळाला गोळीनं फाटलेलं होतं. पक्षी मात्र शाबूत.

"शेरिफनं परत दिलं," ती म्हणाली. "नीट करून दे, नेड्रा मावशी. मला वापरायचंय. हिवाळ्यात आता गुरांकडे मीच जाणार ना."

"बस आधी. कॉफी घे."

"नको. मला कुठे बसलं की तेच आठवतं. दोन दिवस मी फोनवर विचार करत होते, जॅकेट जांभळं घ्यावं की हिरवं. दोन दिवस, मावशी! रंगाचा विचार केला. दोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. तू आम्हाला शाळेत येऊन सांगितलेलं, आणि मी पाहिलं नाही."

नेड्रानं होल्स्टर खिडकीशी नेलं. आतली कड बोटानं उलटी केली. तिथे जे असणार हे तिला नऊ दिवस ठाऊक होतं, ते होतं: कड आत दुमडल्याची खोल घडी, आणि घडीच्या मधोमध चापाच्या रुंदीचा दबलेला ठसा. दोरीचा ओरखडा कुठेच नव्हता.

"मार्ली, इकडे ये. बघ. दोरी नव्हती ती."

मार्ली बघत राहिली. तिला काही कळेना. नेड्रानं तिचं बोट धरून ठशावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. एप्रिलमधली हललेली कड. भिजवणं, वाळवणं. "चालेल" म्हणणं. काही वगळलं नाही.

"तुझी आई मला म्हणाली, की मी बघून ठेवलं होतं. दोरी असती तर तिला दिसली असती. तोंड वरून नीट दिसतं आणि पिस्तूल आत जाताना दुमडतं, ते दिसत नाही. ती चुकली नव्हती. तूही नाही. मी चुकले. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी कापलं असतं."

"मग का नाही कापलंस?"

"ट्रेंटचा पक्षी होता."

मार्ली एकदम बाजूला झाली. "म्हणजे दहा दिवस... तू कात्री घेतलीस. माझ्यासमोर घेतलीस कात्री! मी पाहिलं तुला. तू दोरी कापलीस आणि माझ्या पानाशेजारी ठेवलीस."

"हो."

"बाई आहेस की कोण आहेस गं तू?"

मार्ली रडली नाही. ती खुर्चीची पाठ धरून मोठमोठे श्वास घेत उभी राहिली, पाण्याखालून वर आल्यासारखी. तिच्या गालांवर थोडा रंग चढला. हे पोर आता वाचेल, असं नेड्राला वाटलं, आणि आपल्याला ती आयुष्यभर शिव्या देत राहिली तरी चालेल असंही वाटलं.

"उद्या रविवार आहे," नेड्रा म्हणाली. "चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगते. शेरिफकडेही जाते. तुझ्यावरचं सगळं उतरलं पाहिजे."

मार्लीनं मान डोलावली. मग होल्स्टर हातात घेतलं, वास घेतला, आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"तेलानं मऊ पडलं म्हणालीस ना?"

"हो. खोगिराच्या तेलानं. आताही ताजं लागलंय. कुणी लावलं?"

"बाबांनी. काल दुपारी बसले होते पुसत. डाग निघाला नाही म्हणून..." ती थांबली. "आईनं कध्धी कशाला तेल लावलं नाही, मावशी. तिला त्या वासानं डोकं चढायचं. खोगिरं, लगाम, बूट, सगळं बाबा करतात. फेब्रुवारीत बर्फ पडलं की गोठ्यात स्टूल टाकून बसतात. आईचं हे तर सगळ्यात शेवटी घेतात, नीट, सावकाश. जुन्या बनियनच्या चिंधीनं. पक्ष्याच्या पिसापिसात भरतात."

एप्रिलमध्ये ट्वायला ‘लागत असेल’ म्हणाली होती आणि पाठ फिरवून कॉफी ओतत राहिली होती. कुणी लावलं हे नेड्रानं तेव्हा विचारलं नव्हतं, आणि एकोणीस वर्षं जो नियम ती बायकांना सांगत आली, तो नवऱ्यांना सांगायचं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"तू कुणाला काही सांगणार नाहीस," मार्ली म्हणाली.

"मार्ली..."

"ऐक. तू सांगितलंस की लोक विचारणार, मऊ कशानं पडलं? तू म्हणणार तेल. बाबा समोरच्या बाकावर बसलेले असतील. ट्रेंट गेला तेव्हा ते वर्षभर बोलले नव्हते. ते जिवाचं काही करतील म्हणून गोठ्यातला दोर आईनं लपवून ठेवला होता, हे मला गेल्या वर्षी कळलं. नाही. दोरी ती दोरीच. जॅकेटची."

"आणि तू? गावभर सगळे तुला..."

"मला ठाऊक आहे आता. मला पुरे आहे." तिनं होल्स्टर टेबलावर ठेवलं. "मोकळं व्हायचं होतं ना तुला? चर्चमध्ये उभं राहून? ते तुला मिळणार नाही. आपण दोघी तोंड मिटून बसायचं."

बाहेर गाडीचं दार वाजलं. ओरिन टोपी काढून आत आला. गेल्या महिन्यापेक्षा तो दोन बोटं खुजा दिसत होता.

"काय म्हणतेय नेड्रा? होईल नीट?"

"नाही होणार, ओरिन," नेड्रा म्हणाली. "गोळी आतून गेली की कातड्यात जीव राहत नाही."

"असं होय." त्यानं होल्स्टर उचललं, अंगठ्यानं चंडोलाची पाठ पुसली. "निगा चांगली राखली होती गं मी याची. एकोणीस वर्षांचं, पण हात लावून बघ, लोण्यासारखं आहे. एक चीर नाही कुठे."

नेड्रानं हात लावला. "हो," ती म्हणाली.

"मग पोरीला नवीन करून दे. त्याचीही राखीन."

"नव्याची निगा मी राखणार, बाबा," मार्ली म्हणाली.

"तुला कुठला वेळ? खोगिरांबरोबर होऊन जाईल माझ्याकडून."

"मला शिकायचंय. मीच करणार. तुम्ही त्याला हात लावायचा नाही."

ओरिननं तिच्याकडे पाहिलं, आणि ती कशामुळे असं बोलते हे आपल्याला समजलं असं त्याला वाटलं. त्यानं तिच्या डोक्यावर तळवा ठेवला. "बाळा, त्या दोरीचं किती मनाला लावून घेशील? कुणाच्या ध्यानात येणार होतं? माझ्यासमोर तर उघडलंस तू ते खोकं. मी तरी कुठे पाहिलं?"

"हो बाबा. जाईल हळूहळू."

नेड्रानं मापाची पट्टी काढली. मार्ली स्वेटर वर धरून सरळ उभी राहिली. नेड्रा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, पट्टी कमरेभोवती नेली. मार्ली तिच्या डोक्यावरून वडिलांकडे बघत होती. ते दाराशी उभे राहून वाऱ्याबद्दल, मिठाच्या लाद्या चढवायच्या आहेत त्याबद्दल काहीतरी बोलत होते, आणि ती त्यांना "हो", "हो" म्हणत होती.

"तेहतीस," नेड्रा म्हणाली. "साडेतेहतीस असेल."

मार्लीनं खाली पाहिलं.

"असेल नको," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पुन्हा मोज."